पाठीवरचे दप्तर आणि पायाखालची भूमी

दिवाळी आली की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या जुन्या वसाहतींच्या आवारांत आजही मातीचे किल्ले उभे राहतात. विटा-दगडांवर ओली पोती अंथरली जातात, गेरू फासला जातो, अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ उगवली जाते. बुरुजांवर मावळे उभे राहतात आणि माथ्यावर शिवछत्रपती विराजमान होतात. सहावी-सातवी-आठवीतील मुले हे या किल्ल्यांचे खरे कारागीर. चार दिवसांनी सण सरतो, माती कचऱ्याच्या गाडीत जाते आणि शाळांचे दुसरे सत्र सुरू होते. मग हीच मुले वेगवेगळ्या रंगांच्या गणवेशांत वेगवेगळ्या बसगाड्यांत चढतात. आवारात त्यांनी मिळून एकच किल्ला बांधलेला असतो, शाळेत मात्र त्यांच्यापुढे तीन निरनिराळी पुस्तके उघडली जातात. या तीन पुस्तकांत त्या किल्ल्याला किती जागा आहे, हा प्रश्न किल्ल्याचे कौतुक करणाऱ्या किती आईबापांनी स्वतःला विचारला आहे?

पाठ्यपुस्तकांवरून या देशात वाद पुष्कळ झाले. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर 'भगवेकरणा'चा शिक्का मारला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने तो आराखडा वैध ठरवला. २००४ साली केंद्रातील सत्ता पालटली, २००५ साली नवा आराखडा आला आणि त्यापाठोपाठ पुस्तकेही बदलली. या साऱ्या काळात राष्ट्रीय विचाराच्या कुटुंबांतून पाठ्यपुस्तकांविषयी तावातावाने चर्चा होत राहिली. वृत्तपत्रांतील लेखांची कात्रणे जपली गेली, व्याख्यानमालांना गर्दी झाली. परंतु त्याच घरातील मुलाच्या दप्तरात त्या वर्षी इतिहासाचे कोणते पुस्तक आहे, ते कोणी लिहिले, त्यात काय आहे आणि काय नाही, हे उघडून पाहण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले. दिल्लीतील पुस्तकासाठी लढायचे आणि दिवाणखान्यातील पुस्तक मिटलेलेच ठेवायचे, असा हा विचित्र प्रकार आहे.

एक इमारत, तीन इतिहास

सहावी ते आठवी, म्हणजे उच्च प्राथमिक स्तर, हा संस्कारांच्या दृष्टीने निर्णायक काळ आहे. चौथी-पाचवीपर्यंत मूल गोष्ट ऐकते आणि नववीपासून ते परीक्षेच्या चरकात जाते. मधली तीन वर्षे अशी असतात की, गोष्टीतून प्रश्न उगवतात. 'हे खरेच घडले का? कुठे घडले? आपण त्याचे कोण?' हे प्रश्न बारा-तेराव्या वर्षीच पडतात. त्या वयात उत्तर मिळाले नाही, तर पुढे प्रश्नच पडेनासे होतात.

राज्य मंडळाच्या शाळेत जाणारे मूल सहावीत प्राचीन भारत शिकते. हडप्पा संस्कृती, वैदिक संस्कृती, मौर्य काळ, दक्षिणेतील प्राचीन राज्ये असा तो क्रम आहे. २०१७ साली आलेल्या सातवीच्या पुस्तकात ते शिवपूर्वकालीन महाराष्ट्रापासून निघून स्वराज्यस्थापना, मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठी सत्तेचा विस्तार इथवर पोहोचते. आठवीत ब्रिटिश सत्ता, १८५७, स्वातंत्र्यलढा आणि शेवटी महाराष्ट्र राज्याची निर्मिती. या मांडणीला 'प्रादेशिक' म्हणून नाके मुरडणारे विद्वान आहेत. सातवीच्या पुस्तकात मुघलांना पुरेसे स्थान नाही, अशी ओरड २०१७ साली झाली होतीच. वास्तविक त्याच पुस्तकात 'मुघलांशी संघर्ष' हा स्वतंत्र पाठ आहे. आक्षेप घेणाऱ्यांना खुपले ते इतकेच की, इतिहासाचा मध्यबिंदू आग्र्याहून रायगडावर आला. महाराष्ट्रातील मुलाने भारताकडे महाराष्ट्राच्या भूमीवर उभे राहून पाहावे, यात वावगे काय? पाय टेकायला भूमी असेल, तरच क्षितिज दिसते.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे, केंद्रीय मंडळाच्या शाळेत जाणारे मूल मात्र २००७ पासून जवळजवळ अठरा वर्षे निराळेच काही शिकत होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या सातवीच्या पुस्तकात दिल्लीच्या सुलतानांना एक पूर्ण प्रकरण होते, मुघलांना एक पूर्ण प्रकरण होते आणि मराठे होते ते अठराव्या शतकातील राजकीय सत्तांच्या प्रकरणातील एक उपविभाग म्हणून. अटकेपर्यंत झेंडे नेणारी, दिल्लीच्या तख्ताचे रक्षण करणारी, इंग्रजांशी तीन युद्धे लढणारी सत्ता इतरांच्या रांगेत एका कोपऱ्यात उभी होती. आठवीत हे मूल कंपनी सरकारकडे वळे. नववीत, २०२५-२६ पर्यंत, त्याच्या वाट्याला फ्रेंच राज्यक्रांती, रशियन राज्यक्रांती आणि नाझीवाद असे. रोबेस्पियर त्याला ठाऊक होता, संताजी घोरपडे ठाऊक नव्हता. दोष त्या मुलाचा नव्हे.

तिसरे मूल आयसीएसई शाळेतले. तेथे आठवीपर्यंत कोणत्या प्रकाशकाचे पुस्तक लावायचे, हे बहुतांशी शाळाच ठरवते. अभ्यासक्रमाचा आराखडा मंडळाचा, पुस्तक मात्र खासगी प्रकाशकाचे. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे आणि भरमसाट किंमत असलेल्या या पुस्तकांवर सार्वजनिक चर्चा कधी होतच नाही. सरकारी पुस्तकातील एका ओळीवरून विधिमंडळ दणाणते, खासगी पुस्तकातील प्रकरणच्या प्रकरण कोणी वाचत नाही. केंद्रीय मंडळाच्या कित्येक खासगी शाळांतही खालच्या वर्गांना अशीच पुस्तके असतात. ती तपासणार कोण? ती विकत आणणारा पालकच.

बदल झाला, म्हणून काम संपले?

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय परिषदेचे आठवीचे समाजशास्त्राचे नवे पुस्तक आले आणि त्यात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आले. स्वराज्याची स्थापना, राज्यकारभार, आरमार आणि पुढे देशभर पसरलेली मराठी सत्ता यांना प्रथमच देशातील सर्व मुलांच्या पुस्तकात सन्मानाची जागा मिळाली. अनेक वर्षांची मागणी पुरी झाली. याचे स्वागत केलेच पाहिजे. त्याच पुस्तकात इतिहासातील काळ्या कालखंडाविषयी एक टिपण आहे आणि भूतकाळातील कृत्यांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये, असे त्यात बजावले आहे. सत्य लपवायचे नाही आणि सत्याचे सूडात रूपांतरही करायचे नाही, हीच इतिहासाकडे पाहण्याची हिंदू दृष्टी आहे. टीकाकारांनी हे टिपण पुरते वाचले असते, तर त्यांचा बराचसा आवेश ओसरला असता.

परंतु स्वागत म्हणजे डोळे मिटून टाळ्या वाजवणे नव्हे. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक वर्षाचे पुस्तक जुलैत हाती पडावे, हे कोणत्याही शासनाला शोभणारे नाही. याच पुस्तकातील नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवले गेले, राजस्थानातून आक्षेप आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. मराठ्यांचा इतिहास इतका समृद्ध आहे की, त्याला नकाशात चार बोटे जास्त रंग भरण्याची गरज नाही. ज्या पुस्तकाची वाट दोन दशके पाहिली, ते निर्दोषच असायला हवे होते. विरोधकांच्या हाती आयते कोलीत देणारी घाई ही निष्ठा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. देशातील सर्व मुलांसाठी लिहिलेले पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते गुवाहाटीच्या आणि कोचीच्या मुलासाठीही असते. त्यात बोरिवलीच्या मुलाच्या घरामागची टेकडी येणार नाही, येऊही शकत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यात राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकाइतका येणार नाही. ज्या मुंबईसाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, त्या मुंबईत वाढणारे मूल तो लढा न शिकताच आठवी उत्तीर्ण होईल. दिल्लीने आपले काम केले. आता उरलेले काम दिल्लीचे नाही.

साष्टीची मुले

हे उरलेले काम कोणते, ते समजण्यासाठी लांब जावे लागत नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे एका बेटावर वसली आहेत. त्या बेटाचे नाव साष्टी. आज हे नाव किती मुलांना ठाऊक आहे? किती शिक्षकांना?

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगिजांना दिली. पुढे मुंबईची लहान बेटे लग्नाच्या आंदणात इंग्रजांकडे गेली, साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. दोनशे वर्षे या बेटावरच्या रयतेने फिरंगी अंमल सोसला. बोरिवलीजवळचे मंडपेश्वराचे शैव लेणे या काळात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले. त्याच्या माथ्यावरील पोर्तुगीज वास्तूचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी स्वराज्यात आली. मुलुंडच्या पुढचे स्थानक म्हणजे हे ठाणे. तो किल्ला आज कारागृह म्हणून वापरात आहे. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. अपार हानी सोसून मिळालेल्या या विजयानंतर शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला मराठ्यांनी सन्मानाने बाहेर पडू दिले. मराठ्यांच्या या दराऱ्याने मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या कोटाभोवती खंदक खोदला.

पुढे पुण्याच्या गृहकलहाची संधी साधून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. म्हणजे सदतीस वर्षे ही भूमी स्वराज्यात होती. ज्या जागेवर आज अंधेरीचे कार्यालयीन मनोरे, घाटकोपरची मेट्रो आणि मुलुंडची संकुले उभी आहेत, तेथे पेशव्यांचा अंमल होता. राज्य मंडळाच्या सातवीत वसईच्या मोहिमेचा उल्लेख येतो, पण तो काही ओळींचा आणि 'इथे' हा शब्द न उच्चारता. मुलाला वाटते, हे कुठे तरी दूर, पुस्तकातल्या गावी घडले. ते त्याच्या शाळेच्या बसच्या वाटेवर घडले, हे त्याला कोणीही सांगत नाही.

आणि केवळ मराठेच का? सहावीचे मूल 'दक्षिणेतील प्राचीन राज्ये' शिकताना सातवाहनांची नावे घोकते आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत सातवाहनकालीन शिलालेख उन्हापावसात वाट पाहत बसलेले असतात. मौर्यांच्या पाठात सम्राट अशोकाचे शिलालेख येतात. विरार लोकलने जाता येईल अशा सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूपाचे उत्खनन केले आणि तेथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहे. अंधेरीच्या मुलाला महाकाली लेण्यांच्या नावाचा रस्ता ठाऊक असतो, लेणे नसते. आठवीत सविनय कायदेभंग शिकणाऱ्या मुलाला दांडी ठाऊक असते, पण १९३० साली शेजारच्या विलेपार्ल्यात सत्याग्रहींची छावणी होती आणि जमनालाल बजाज तेथे होते, हे त्याच्या कानावर येत नाही. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती घाटकोपर-मुलुंडच्या भूमीवरूनच. इतिहास इतका जवळ असूनही इतका परका असण्याचा चमत्कार फक्त आपली शिक्षणपद्धतीच करू शकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साष्टीचा इतिहास हा कोणा एका समाजाविरुद्धचा पुरावा नव्हे. वांद्र्यापासून वसईपर्यंत राहणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज येथलाच भूमिपुत्र आहे. त्याची बोली मराठीचीच आहे, त्याच्या गाण्यांत आणि लग्नविधींत या मातीचा गंध आहे. पूजापद्धती बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत. साष्टीचा इतिहास नीट शिकवला, तर तो या समाजालाही मराठीशी आणि भूमीशी जोडणारा दुवा ठरेल. न शिकवण्यात मात्र सर्वांचेच नुकसान आहे.

मराठीचा तास : भरलेला की उरकलेला?

भूमीची ओळख भाषेवाचून होत नाही. २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळाने सर्व मंडळांच्या आणि सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तामिळनाडूने असा कायदा २००६ साली, कर्नाटकाने २०१५ साली आणि केरळाने २०१७ साली केला होता. ज्या राज्याच्या निर्मितीसाठी रक्त सांडले, त्या राज्याला स्वतःच्या भाषेसाठी साठ वर्षे वाट पाहावी लागली. तरीही कायदा झाला, हे समाधान होते. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी या दोन इयत्तांत तो लागू झाला. म्हणजे उच्च प्राथमिक स्तरावर त्याची पहिली कसोटी होती.

त्या कसोटीचे काय झाले? सहावीची पहिली तुकडी करोनाच्या काळात मोबाइलच्या पडद्यावर मराठीची बाराखडी गिरवत राहिली. ती आठवीत असताना २०२३ साली शासनाने निर्णय काढला की, या तुकडीला दहावीपर्यंत मराठीत गुण न देता श्रेणी द्यावी आणि ती एकूण गुणांत धरू नये. मुलांची अडचण खरी होती, यात शंका नाही. परंतु आपल्याकडे ज्या विषयाचे गुण धरले जात नाहीत, तो विषय चित्रकलेच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या तासासारखा गणिताच्या जादा वर्गाला देऊन टाकला जातो, हे प्रत्येक पालक जाणतो. सवलत एका तुकडीपुरती होती, संदेश मात्र सर्वांना पोहोचला.

कायदा मोडणाऱ्या शाळेच्या प्रमुखाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उपनगरांतील कित्येक तथाकथित आंतरराष्ट्रीय शाळांत एका विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्कच याहून अधिक असते. अशा दंडाला कोण भिणार? भीती वाटावी ती पालकांची. मराठीचा शिक्षक प्रशिक्षित आहे का, तास खरोखर होतो का, आठवीचे मूल मराठीत पानभर पत्र लिहू शकते का, हे विचारणारे दहा पालक पालकसभेत उभे राहिले, तर शाळा ताळ्यावर यायला वेळ लागणार नाही. पण त्या सभेत प्रश्न येतात ते पोहण्याच्या तलावाविषयी आणि परदेशी सहलीविषयी. मराठी घरांतील आईबाप शिक्षिकेशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात आणि शिक्षिका पुष्कळदा मराठीच असते!

२०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र ढवळून निघाला. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये तो सुधारला गेला आणि २९ जूनला मागे घेण्यात आला. दोन्ही बाजूंनी मराठीचे नाव घेऊन पुष्कळ घसे कोरडे झाले. त्या कोलाहलात एक साधे सत्य झाकले गेले. हिंदी ही मराठीची वैरीण नाही. राज्य मंडळाच्या शाळांत पाचवीपासून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात आहे आणि तिने मराठीचे काही बिघडवले नाही. मराठीचे बिघडवले ते मराठी घरांनी मराठी शाळांकडे फिरवलेल्या पाठीने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्या घरांतील किती नातवंडे आजोबांचे पत्र वाचू शकतात?

शासनाचेही चुकले, समाजाचेही

शासनाने प्रयोग पुष्कळ केले. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची कोरी पाने घातली गेली आणि पुस्तकांचे चार भाग झाले. उद्देश दप्तराचे ओझे कमी करण्याचा. मुलांनी वेगळ्या वह्या आणणे थांबवले नाही आणि ओझेही फारसे हलके झाले नाही. २०२५ साली तो निर्णय रद्द झाला. मुंबई महापालिकेने २०२० पासून केंद्रीय आणि आयसीएसई मंडळांच्या शाळा काढल्या. पूनमनगरपासून आरंभ होऊन हे लोण राजावाडी आणि मुलुंडच्या मिठागरापर्यंत पोहोचले आणि प्रवेशासाठी रांगा लागल्या. गरिबाच्या मुलालाही उत्तम शाळा मिळावी, हा हेतू स्तुत्यच. परंतु महापालिकेच्याच मराठी शाळांतील वर्ग ओस पडत असताना आपली संस्था आपल्याच मराठी शाळेवर विश्वास ठेवत नाही, असा अर्थ लोकांनी काढला, तर त्यांना दोष कसा द्यावा?

मात्र सारे खापर शासनाच्या माथी फोडणे सोपे आणि अप्रामाणिक आहे. पालकांचे युक्तिवाद ठाऊक आहेत. 'नोकरीत बदली होते', 'अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षा केंद्रीय धर्तीवर असतात', 'मुलावर आधीच ओझे आहे'. यातील पहिला युक्तिवाद काही थोड्या कुटुंबांना लागू आहे, तो मान्य. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते अकरावी-बारावीचे तथ्य आहे. सहावीतील मुलाला त्या परीक्षेच्या नावाने भाषा आणि इतिहास यांपासून तोडण्याचे कारण काय? तिसरा युक्तिवाद तर उलटाच आहे. आठवड्यातून तीन शिकवण्या आणि दोन छंदवर्ग लावणाऱ्या घराला मराठीचा एक तास तेवढा ओझे वाटतो! ओझे विषयांचे नसते, ते प्रतिष्ठेच्या कल्पनांचे असते. मेकॉले १८५९ साली गेला, पण मुंबईच्या उपनगरांत त्याचा मुक्काम अजून हललेला नाही.

कोणत्याही पालकाने मूल कोणत्या शाळेत घालावे, हा त्याचा अधिकार आहे. केंद्रीय मंडळाची शाळा निवडणे हा अपराध नव्हे. अपराध आहे तो शाळा निवडली की शिक्षणाची जबाबदारी संपली, असे मानण्यात. शुल्क भरल्याने संस्कार विकत मिळत नाहीत.

दहा दिवस पुरे आहेत

मग करायचे काय? मार्ग हाताशी आहे आणि तो धोरणातच लिहिलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नेमक्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचवला आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन प्रत्यक्ष शिकावे आणि शाळेबाहेरचे जग पाहावे, असे धोरण सांगते. २०२४ साली त्याच्या मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. हे दहा दिवस मॉलमधील खेळघरात किंवा जलक्रीडा उद्यानात घालवायचे की कान्हेरीच्या पायऱ्यांवर, हे शाळा आणि पालक ठरवू शकतात.

एक दिवस कान्हेरी, एक मंडपेश्वर, एक सोपारा, एक वसईचा किल्ला. एक दिवस वस्तुसंग्रहालयातील अशोकाच्या शिळेसमोर. एक दिवस विलेपार्ल्यात सत्याग्रहाच्या छावणीची माहिती घेत, एक हुतात्मा स्मारकाजवळ. एक दिवस वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जाळे विणणाऱ्या हातांजवळ. उरलेले दोन दिवस या साऱ्यावर मराठीत लिहिण्याचे. याला नवे पुस्तक लागत नाही, नवा कायदा लागत नाही, शासनाचा आदेशही लागत नाही. लोकलचे तिकीट, डबा आणि माहिती असलेला एक माणूस पुरतो. उपनगरांत निवृत्त शिक्षक आहेत, दुर्गप्रेमी तरुण आहेत, शाखा आहेत, ग्रंथालये आहेत, महिला मंडळे आहेत. यांपैकी प्रत्येकाने आपल्या विभागातील एका शाळेशी संपर्क साधून एका दिवसाची जबाबदारी घेतली, तरी दोन वर्षांत चित्र पालटेल. शाळेने नकार दिला, तर इमारतीतील पंधरा मुले रविवारी घेऊन जाण्यास कोणाची परवानगी लागते?

आणि दुसरे काम घरातले. या सत्रात मुलाच्या दप्तरातील इतिहासाचे पुस्तक आईने किंवा वडिलांनी एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. फक्त वाचावे. त्यात चूक दिसली, तर शाळेला आणि प्रकाशकाला सभ्य शब्दांत, पुराव्यासह, लेखी कळवावे. पोकळी दिसली, तर ती घरी भरून काढावी. रस्त्यावरच्या घोषणेपेक्षा असे एक पत्र अधिक काम करते. पुस्तकांचा वाद ज्यांनी वर्षानुवर्षे केला, त्यांना पुस्तक वाचण्याचे वावडे असू नये.

पुढच्या दिवाळीत पुन्हा किल्ले उभे राहतील. मुले गेरू कालवतील, बुरुज रचतील, मावळे मांडतील. या वेळी एखाद्या मुलाने रायगडाऐवजी वसईचा कोट बांधायला घ्यावा, बादलीभर पाण्याने खाडी करावी आणि कोपऱ्यात एक लहानसे बेट ठेवून शेजारच्या मुलाला सांगावे, 'ही साष्टी. आपण इथे राहतो.' हे वाक्य ज्या दिवशी तीनही शाळांतील मुले एका सुरात म्हणू लागतील, त्या दिवशी पाठीवरचे दप्तर आणि पायाखालची भूमी यांची भेट झाली असे म्हणता येईल. तोवर मातीचे किल्ले दर वर्षी कचऱ्याच्या गाडीत जात राहतील आणि त्यांच्याबरोबर बरेच काही वाहून जात राहील.